भिंतीआडची १८८८

टेबलावर ग्लास आहे आणि ग्लासात दोन बोटं वाइन. तुम्ही हात पुढे करता तोच समोरचा म्हातारा पंजा उपडा करून हवेतच दोनदा दाबतो. इटालियन न येणाऱ्यालाही ते कळतं: थांबा जरा.

तर थांबा. तोवर कुठे आलात ते बघून घ्या. दक्षिण टस्कनीतलं हे मोंतालचीनो. साडेपाचशे मीटर उंचीवरचं डोंगरगाव, माथ्यावर १३६१ सालचा किल्ला, दक्षिणेला आमियाता नावाचा थोरला डोंगर. वादळं तो आपल्या अंगावर घेतो आणि गावाला सांभाळतो. गावाखालच्या उतारावर ह्या कुटुंबाची चार हेक्टर बाग, म्हणजे आपली दहा एकर. निफाडला दहा एकर बागवाल्याला गावात मान असतो. इथे त्याची गणती छोट्यांत होते. म्हातारा, त्याची सून आणि नातू. छाटणीपासून लेबल चिकटवण्यापर्यंत सगळं ह्या तिघांतच. वर घर, खाली तळघर. वरच्या स्वयंपाकघरात कांदा परततायत त्याचा वास जिन्यावरून खाली येतो आणि वाइनचा वास वर जातो, असा इथला जुना करार.

बाटलीवर २०१६ लिहिलंय. ब्रुनेल्लो दी मोंतालचीनो. हे नाव लावायचं तर द्राक्ष फक्त सांजोवेझे जातीचं हवं, दुसऱ्या जातीचा एक घडही चालत नाही. वाइन किमान दोन वर्षं लाकडात मुरली पाहिजे. आणि तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षाची १ जानेवारी उजाडेपर्यंत ती विकता येत नाही. म्हणजे २०१६ साली तोडलेला माल २०२१ पर्यंत घरात बसून. आज तोडलेली पेटी परवा बाजारात पोचली नाही तर आपल्या बागायतदाराची झोप उडते. त्याला हा कायदा ऐकवला तर तो तुम्हाला आधी पाणी देईल आणि मग बसायला सांगेल.

आता उचला ग्लास. रंग पाहून जरा निराशाच होते. महाग तांबडी वाइन म्हणजे शाईसारखी गडद, अशी आपली समजूत. ही तर कोकम सरबतासारखी. ग्लासामागे धरलेली बोटं आरपार दिसतात, आणि ग्लास तिरका केला की कडेला विटेचा रंग येतो. नाक आत घाला, लाजू नका. पुस्तकांत इथे ‘चेरी’ लिहितात. चेरी आपल्यातल्या बहुतेकांना केकवरची माहीत, तेव्हा तो शब्द सोडून द्या. आलुबुखार म्हणा. त्यामागे वाळवलेली संत्र्याची साल, तंबाखूची नुकती फोडलेली पुडी, आणि अगदी तळाशी उन्हाळ्याच्या संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडल्यावर येतो तो वास.

पहिला घोट. जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटतं, आमसूल तोंडात धरल्यासारखं. आणि ते पाणी सुटतंय तोवर हिरड्या आवळून येतात. ही आवळण तुम्हाला नवी नाही. विड्यातला कात हेच करतो. द्राक्षाच्या बियांत आणि सालीत जी तुरट द्रव्यं असतात त्यांतल्या एकाचं शास्त्रीय नाव कॅटेचिन, आणि ते पडलं आपल्या काताच्या झाडावरूनच. तेव्हा वाइनमधलं काही कळत नाही असं कुणा मराठी माणसाने म्हणू नये. आंबट आणि तुरट ह्या दोन चवींत आपण लहानाचे मोठे झालो आहोत.

ह्या दोन चवींवरच ब्रुनेल्लो तगते. पण चाळीस-पन्नास, शंभर वर्षं? इतकं थांबायचं पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं?

दुसरा घोट तोंडात धरा. एवढ्यात गिळू नका. उठा, आणि तळघराच्या जिन्याने खाली चला. पायऱ्या दगडी आहेत, मधोमध झिजलेल्या. हात भिंतीला लावूनच उतरा. दहाव्या-बाराव्या पायरीला कांद्याचा वास विरतो. जिना ह्या घराचा होता. तळघर मात्र दुसऱ्याच घराचं लागतं.

ग्रेप्पो. दोन्ही बाजूंनी सुरूच्या उंच झाडांची रांग असलेल्या वाटेच्या शेवटी उभं असलेलं बियोन्दी-सान्ती कुटुंबाचं घर. साल १९७०. दिवा पिवळा आहे, माणसं कोटात आहेत, आणि सगळे देवघरात बोलावं तसं बोलतायत. मध्ये उभे आहेत ते तान्क्रेदी बियोन्दी-सान्ती, सत्तरी केव्हाच ओलांडलेले. समोर लेखक मारिओ सोल्दाती आणि वाइनवर लिहिणारा लुईजी व्हेरोनेल्ली, साक्षीदार म्हणून. टेबलावर १८८८, १८९१, १९२५, १९४५ अशा सालांच्या बाटल्या.

चाललंय काय, तर बाटल्या भरणं. बूच कितीही घट्ट असलं तरी पन्नास-ऐंशी वर्षांत वाइन थोडी थोडी उडून जाते. पातळी गळ्याखाली उतरते, वर हवा साठते, आणि हवा लागली की वाइन मेली. मग काय करायचं? त्याच सालातली एक बाटली बळी द्यायची. ती फोडून तिच्यातली वाइन बाकीच्या बहिणींत थोडी थोडी घालायची, पातळी वर आणायची, नवं बूच ठोकायचं. ह्याला ते रिकोल्मातूरा म्हणतात. दुसऱ्या सालाचा थेंब चालत नाही. म्हणजे प्रत्येक वेळी कुटुंबातली एक जण कमी होते आणि बाकीच्यांचं आयुष्य वाढतं. एकत्र कुटुंबात वाढलेल्याला हा हिशेब फोड करून सांगावा लागत नाही.

१८८८ चं बूच निघतं. आवाज होत नाही. ते निम्म्यात तुटतं आणि उरलेलं चिमट्याने अलगद काढावं लागतं. तुम्ही नकळत पुढे सरकता. पण तुम्हाला कोणी ग्लास देत नाही. साक्षीदार मोजून बोलावलेले आहेत, आणि त्यांत तुमचं नाव नाही. वास तेवढा घ्या. वास अडवता येत नाही.

ह्या टेबलाजवळ पन्नाशीला टेकलेला एक उंच, शांत माणूस आहे, तान्क्रेदींचा मुलगा फ्रांको. तो बाटलीकडे कमी आणि तळघराच्या एका भिंतीकडे जास्त बघतोय असं तुम्हाला वाटतं. त्याच्या नजरेच्या रेषेत चालत जा. भिंतीला हात लावा.

ती ओली आहे.

जून १९४४. चुना अजून सुकलेला नाही. वर बाहेर कुठेतरी, लांब पण सतत, कुणी पाट्यावर पाट्या आपटतंय असा आवाज येतो. तोफा. रोम ४ जूनला दोस्तांच्या हाती गेलं. जर्मन सैन्य उत्तरेकडे मागे हटतंय आणि हटता हटता दर डोंगराआड थांबून लढतंय; त्राझिमेनो सरोवराच्या दोन्ही बाजूंनी त्यांनी नवी फळी धरली आहे, आणि मोंतालचीनो त्या वाटेवर. जे सैन्य जाईल ते तहानलेलं असेल. जे येईल तेही.

फ्रांको आता बावीस वर्षांचा आहे. बापलेक दोघेच भिंत बांधतायत. गवंडीकाम त्यांचं नव्हे, हे थापीचा हात बघूनच कळतं. तुम्ही नुसते उभे कशाला? विटा उचला. पहिल्या चार-सहा विटा तुम्ही उत्साहाने देता, मग हाताला चुना लागून कातडी ओढल्यासारखी होते आणि मघाशी हिरड्यांना झालं तेच आता बोटांना होतंय, ह्याची गंमत वाटते. कंदील खाली ठेवलाय, त्यामुळे सगळ्यांच्या सावल्या छतावर. भिंतीच्या मागे, हातभर जागेत, बाटल्या आडव्या रचल्यात. जुन्या सालांच्या. जाड काच, लेबल नाही किंवा असून नसल्यासारखं. शेवटच्या थराआधी फ्रांको आत हात घालून एक बाटली किंचित फिरवतो. कशासाठी, कळत नाही. आपण कुलूप लावल्यावर ते ओढून बघतो, तसं.

एक गोष्ट लक्षात घ्या, कारण आजच्या किमती डोक्यात ठेवून आलात तर हे दृश्य खोटं वाटेल. १९४४ साली ह्या बाटल्यांना तसा बाजार नव्हता. ब्रुनेल्लो हे नाव ऐकलेली माणसं टस्कनीबाहेर फार नव्हती. लोक दागिने पुरत होते, धान्य लपवत होते, डुकरं रानात नेत होते, आणि हे दोघे आंबट-तुरट पाण्याच्या बाटल्यांपुढे भिंत बांधत होते. शेजाऱ्यांना कळलं असतं तर हसले असते. मला विचाराल तर मीही हसलो असतो.

विटेवर वीट बसते. अंधाराची फट अरुंद होत जाते आणि मिटते. मग दोघे जमिनीवरची माती मुठीने उचलून नव्या चुन्यावर चोळतात, भिंत जुनी दिसावी म्हणून. तुम्हीही चोळा.

महिना संपता संपता आघाडी ह्या डोंगरावरून पुढे सरकते. ३ जुलैला फ्रेंच सैन्य सिएनात शिरतं. भिंत टिकते. (बहात्तर वर्षांनी, २०१६ च्या अखेरीस, ग्रेप्पो विकलं जातं आणि घेणारा निघतो एक फ्रेंच उद्योगसमूह. इतिहासाला विनोदबुद्धी असते, पण ती जरा उशिरा चालते. वाइन अजून चांगली होते असं सगळे सांगतात. मला मात्र ते घर घरच्यांकडे नाही हे खुपतं.)

आता तुम्हाला खरं तर मागे जायचं आहे, १८८८ कडे. पण बाहेर आलाच आहात तर पूर्वेकडे बघा. सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटर. तिथे टायबर नदीचं वरचं खोरं आहे, मोंतोने नावाचं गाव आहे, आणि त्या आठवड्यात तिथे तुम्हाला मराठी ऐकू येणार आहे.

९ जुलैची संध्याकाळ. एका शेतघराच्या मागे दहाव्या इंडियन डिव्हिजनची माणसं बसली आहेत, तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. घरातली बाई भीतभीत बाहेर येते आणि गवताचं वेष्टण असलेला गोल बुडाचा शिसा पुढे करते. एक जण वास घेतो.

“माडी हाय जनू.”

“माडी कसली, आंबट हाय. आमसुलाचं पानी.”

“पी की मग. पोटाला बरं.”

शिसा हातोहात फिरतो. तुमच्याकडेही येतो. ही १८८८ नव्हे. गेल्या हंगामाची, घरात प्यायची, पातळ, थोडी विटलेली. बाई दारात उभी राहून बघते आणि कुणीतरी “बरं हाय, आई” म्हटल्यावर शब्द न कळूनही मान हलवते.

दुसऱ्या दिवशी, १० जुलैला, ह्या बटालियनची एक कंपनी पक्क्या बांधलेल्या जर्मन ठाण्यावर चालून जाते. नाईक यशवंत घाडगे एका रायफल सेक्शनचे प्रमुख. माणगाव तालुक्यातले, कुलाबा जिल्ह्याचे. आज तो रायगड. मशीनगन अगदी जवळून चालते आणि सेक्शनमधले बाकी सगळे मरतात किंवा जखमी होऊन पडतात. घाडगे एकटे पुढे धावतात. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा निकामी करतात, टॉमीगनने आणखी एकाला पाडतात. मॅगझिन बदलायला वेळ नाही. तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारतात. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागतात, आणि जिंकलेल्या ठाण्यातच ते पडतात. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. थडगं नाही, नाव आहे ते कासिनोच्या स्मारकावर. मोंतोनेत २०२३ च्या जुलैमध्ये गावाने त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ बसवलं. त्याच्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय: सगळे एकाच सूर्याखाली.

वय बावीस. भिंत बांधणारा फ्रांकोही बावीसचाच. एकाचा जन्म नोव्हेंबर १९२१ चा, दुसऱ्याचा जानेवारी १९२२ चा. फ्रांको २०१३ पर्यंत जगला.

ह्या दोन वयांची बेरीज-वजाबाकी करत बसू नका. तुम्हाला अजून छप्पन्न वर्षं मागे जायचं आहे.

१८८८, तोडणीचे दिवस. ग्रेप्पोची बाग आजच्यासारखी शिस्तीत नाही. वेलींच्या मधे ऑलिव्ह आहेत, गहू कापल्याचे खुंट आहेत. माणसं अर्धेलीने राबणारी: जमीन मालकाची, घाम कुळाचा, पीक निम्मं-निम्मं. ह्या पद्धतीत कुळाला वाइन कशी हवी असणार? भरपूर आणि लवकर. म्हणून सगळ्या टस्कनीत एकच रीत: सांजोवेझेत दुसऱ्या जाती मिसळायच्या, पांढरी द्राक्षंही घालायची, म्हणजे तुरटपणा मोडतो आणि हिवाळा सरायच्या आत वाइन पिता येते. त्यात वाईट काही नाही. तहान हाही एक बाजार आहे.

बागेच्या कडेला उभा असलेला दाढीवाला माणूस मात्र हे मोडायला निघालाय. फेर्रूच्चो बियोन्दी-सान्ती, वय एकोणचाळीस. पोरवयात इटलीच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गॅरिबाल्डीच्या स्वयंसेवकांत जाऊन १८६६ ची लढाई लढलेला. आईचे वडील क्लेमेंते सान्ती औषधशास्त्र शिकलेले, द्राक्षांवर प्रयोग करणारे, १८६५ सालच्या त्यांच्या तांबड्या वाइनला बक्षीस मिळालं तेव्हाच ‘ब्रुनेल्लो’ हा शब्द कागदावर होता. नातवाने आजोबांचं सूत्र पुढे ओढलं.

त्याच्या पायाखालची जमीन मात्र हललेली आहे. त्याच्या लहानपणी भुरी आली होती, हो, तीच भुरी, जिच्यावर आजही नाशिकला गंधक धुरळतात. मग डावणी आली, आणि तिच्यावर फ्रान्सच्या बोर्डो भागात मोरचूद-चुन्याचा उपाय सापडला. आपला शेतकरी ‘आज बोर्डो मारला’ म्हणतो तेव्हा तो त्या भागाचंच नाव घेत असतो. आणि आता युरोपभर मुळांतला रस शोषणारी फायलोक्सेरा नावाची कीड पसरते आहे. उपाय एकच: अमेरिकी वेलीच्या मुळावर आपल्या जातीचं कलम. सांगलीत डॉगरिजवर कलम बांधणाऱ्याला ही युक्ती कुठून आली ते सांगण्यासारखं आहे.

सगळं नव्याने लावावं लागणारच आहे, तर काय लावायचं? शेजाऱ्यांनी झटपट पिकणारं लावलं. फेर्रूच्चो आपल्याच बागेतल्या वेली निरखत फिरला आणि सांजोवेझेचे निवडक वेल वेगळे काढून तेवढेच वाढवले. त्यात काही मिसळायचं नाही. मोठ्या ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षं ठेवायचं. आणि घाई करायची नाही.

पुढच्या वसंतात परत या, १८८९ मध्ये. तळघरात फेर्रूच्चो पिंपाला काचेची नळी लावून थोडी वाइन ओढतो आणि ह्या वेळी ग्लास तुमच्याही हातात येतो. १९७० साली ज्या वाइनने तुम्हाला वासावर भागवायला लावलं, तीच ही १८८८. तुम्ही डोळे मिटून मोठा घोट घेता.

तोंड वाकडं होतं. कच्चं, हिरवट, जिभेवर पॉलिश पेपर फिरवल्यासारखं. गालांची आतली बाजू दातांना चिकटते. तुम्ही शिष्टाचार म्हणून गिळता आणि चेहरा सरळ करायचा प्रयत्न करता. शेजारी उभा असलेला कुळवाडीही चाखतो, थुंकतो, आणि काही बोलत नाही. निम्म्या वाट्याचा मालक आहे तो, त्याच्या गप्प बसण्यात बरंच काही आहे. फेर्रूच्चोही चाखतो. नळी परत लावतो, उरलेली वाइन पिंपात सोडतो आणि पिंपाचं तोंड बंद करतो. १९१७ साली तो गेला. १८८८ ची वाखाणणी झाली ती त्याच्या फार नंतर.

आता वर या. पायऱ्या मोजू नका. कांदा आला का वासाला? आला.

म्हातारा तिथेच बसलाय. ग्लासातली वाइन तासाभरात बदलली आहे. मघाची आवळण थोडी सैल झाली आहे, संत्र्याची साल पुढे आली आहे, आणि शेवटी काहीतरी खारट लागतं, जे पहिल्या घोटात नव्हतं. तुमच्या उजव्या हाताच्या बोटांवर पांढरट काहीतरी दिसतं. तुम्ही ते चोळता. टेबलावरच्या पावाचं पीठ असेल.

सून वरून जेवायला हाक मारते. तुम्ही बाटलीकडे हात नेता, कारण तिच्यात अजून निम्मी आहे आणि असली वाइन उरवून उठणं जिवावर येतं. म्हातारा बाटली अलगद आपल्याकडे ओढतो, मघाचंच बूच तिच्यात दाबतो, खडूने तिच्यावर एक रेघ ओढतो आणि मागच्या फळीवर ठेवून देतो. मग वळून पंजा उपडा करतो, दोनदा दाबतो.

“दोमानी,” तो म्हणतो. उद्या.